महसूल बुडाला म्हणता, नदीचं काय?

हिंगोली जिल्ह्यात निघणाऱ्या कुठल्याही दैनिकाचं तालुक्याचं पान उघडा. एक ठरलेली बातमी शोधायला फार दिवस लागणार नाहीत. अवैध वाळू वाहतूक करणारा ट्रॅक्टर पकडला. अमुक ब्रास वाळू, ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. चालकावर गुन्हा दाखल. शासनाचा इतका महसूल बुडाला. शेवटच्या ओळीत पथकातल्या सगळ्यांची नावं.

या बातमीत तहसीलदार असतात, मंडळ अधिकारी असतात, तलाठी असतात, पोलीस असतात, चालक असतो, ट्रॅक्टरची किंमत असते. नसते ती फक्त नदी. जिथून वाळू गेली तिथे खड्डा किती खोल झाला, काठावरच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं, बंधाऱ्याचा किंवा पुलाचा पाया उघडा पडला का, यातलं एक अक्षर बातमीत नसतं. वार्ताहराला दोष देऊ नका. त्याच्या हातात पडतो तो पंचनामा, आणि पंचनाम्याचा रकाना वाळूची किंमत विचारतो, नदीची विचारत नाही.

म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. वाळूउपशाविरुद्ध आपल्याकडे कायदे कमी नाहीत. पण आपलं सरकार या गुन्ह्याकडे तिजोरीतली चोरी म्हणून बघतं, नदीला केलेली इजा म्हणून बघत नाही. आणि गुन्हा एकदा तिजोरीचा ठरला की तो पैसे भरून मिटतो. मग दंड हा दंड राहत नाही. तो डिझेल आणि टायरसारखा धंद्याचा एक खर्च होतो.

एका ट्रॉलीत किती पाणी जातं?

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा लहान जिल्हा. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेकडे औंढा आणि वसमतच्या बाजूने पूर्णा, आणि वाशीम जिल्ह्यातून येऊन सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असा जिल्ह्याच्या मधून प्रवास करणारी कयाधू. नर्सी नामदेव हिच्याच काठावर आहे. वारकऱ्यांच्या तोंडी असलेलं हे नदीचं नाव आज पोलीस ठाण्याच्या डायरीत जास्त वेळा येत असेल.

उन्हाळ्यात कयाधू कोरडी दिसते. 'दिसते' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या नदीत वाळू शिल्लक आहे, तिथे वर पाणी नसलं तरी खाली असतं. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पात्रात हातभर झिरा खोदला की पाणी लागायचं. वाळूच्या कणांमध्ये जी पोकळी असते तिच्यात ते पाणी थांबतं, उन्हाने उडत नाही, आणि हळूहळू काठाच्या विहिरींना मिळत राहतं.

जरा हिशेब करू. फोनवर कॅल्क्युलेटर आहेच. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. वाळूत साधारण तीस ते चाळीस टक्के पोकळी असते. कमीत कमी धरू, तीस टक्के. म्हणजे एका ब्रास वाळूत सुमारे ८५० लिटर पाणी मावण्याची जागा आहे. जलजीवन मिशनचं सरकारी माप आहे, खेड्यात माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे एक ब्रासची एक ट्रॉली नदीतून बाहेर पडली की सरकारच्याच मापाने पंधरा माणसांचं एका दिवसाचं पाणी साठवायची जागा गेली. पाणी गेलं असं म्हणत नाही, पाणी ठेवायचं भांडंच गेलं असं म्हणतोय. पाणी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येईल. भांडं येणार नाही.

रात्रीच्या दहा ट्रॉल्या, शंभर रात्री. हजार ब्रास. साडेआठ लाख लिटरची टाकी. गावाला तेवढी टाकी सरकारकडून मंजूर करून घ्यायची असेल तर किती फेऱ्या मारायला लागतात, किती जणांच्या सह्या लागतात, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. फोडायला मात्र एक केणी, दोन ट्रॅक्टर आणि अंधार पुरतो.

आपल्या भागात ही टाकी इतर ठिकाणांपेक्षा जास्त मोलाची आहे. खाली काळा बेसाल्ट दगड आहे. तो फार पाणी धरत नाही. भेगा आणि झीज झालेला थर सोडला तर बोअर कोरडीच. अशा मुलखात नदीतला वाळूचा थर म्हणजे फुकटातला पाझर तलाव. आणि याच मुलखात हळद होते. आठ-नऊ महिने जमिनीत राहणारं, शेवटपर्यंत पाणी मागणारं पीक. वसमतच्या बाजारात हळदीचा भाव चढला की फोटो निघतात. त्या हळदीला पाणी देणारी काठावरची विहीर दिवाळीनंतर का आटते, याचा फोटो कुणी काढत नाही.

गेलेली वाळू परत येते, असा एक समज आहे. येते, पण कुठून? वरून वाहून. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणं आहेत, पैनगंगेवर इसापूर. धरण पाणी सोडतं, वाळू सोडत नाही. ती जलाशयाच्या तळाशी बसते. म्हणजे धरणाच्या खाली जी वाळू आहे, ती बरीचशी आजोबांची ठेव आहे. तिच्यावर फार व्याज येत नाही. आपण मुद्दल उचलतोय. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात हेच सांगितलं: नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने येते याचा अभ्यास नसेल, तर त्या जिल्ह्याच्या सर्वेक्षण अहवालाला काही अर्थ नाही, आणि त्याच्या जोरावर उपशाची पर्यावरण परवानगी देता येत नाही. साधी गोष्ट आहे. खात्यात जमा किती होतंय हे न बघता चेक फाडायचे नाहीत.

गुन्ह्याचं दरपत्रक

कायदे कमी नाहीत असं वर म्हटलं. मोजून दाखवतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८. विनापरवाना काढलेल्या गौण खनिजावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय वाहन आणि यंत्र जप्त. केंद्राचा खाण आणि खनिज कायदा, १९५७, कलम २१. पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. एमपीडीए, म्हणजे ज्या कायद्याखाली झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाले वर्षभर स्थानबद्ध होतात, त्याच्या नावातच आता 'वाळू तस्कर' हा शब्द आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ खाली साधी चोरी, आणि कलम ३०५ खाली सरकारी मालमत्तेची चोरी, जिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नदीचं पात्र सरकारचं, वाळू सरकारची. मग तिची चोरी ही सरकारी मालमत्तेची चोरी नाही तर काय? खनिज कायदा आहे म्हणून पोलिसांना चोरीचा गुन्हा नोंदवता येत नाही, अशी एक पळवाट होती. ती सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली सरकार विरुद्ध संजय या निकालात बुजवली. दोन्ही गुन्हे वेगळे आहेत, दोन्ही लावता येतात.

एवढी हत्यारं भिंतीवर टांगलेली असताना रोजच्या कामात हात कुठे जातो? कलम ४८ कडे. म्हणजे दंडाकडे. २०१८ मध्ये राज्याने वाहन आणि यंत्र सोडवण्याचं दरपत्रक ठरवलं. ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, एक्सकॅव्हेटरला साडेसात लाख. आकडे मोठे वाटतात. आता धंद्याच्या बाजूने बघा.

समजा तुमच्या गावात वाळूचा चोरटा भाव ब्रासला ६ हजार आहे. खरा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल, तोच टाका. एक ट्रॅक्टर रात्रीत चार खेपा करतो. चोवीस हजार. डिझेल, मजुरी आणि ज्यांचे हात ओले करायचे त्यांचं मिळून नऊ हजार वजा करा. रात्रीला पंधरा हजार उरले. पकडला गेला तर ट्रॅक्टरचे १ लाख, सापडलेल्या एका ब्रासचे पाचपट म्हणजे ३० हजार, वर स्वामित्वधनाचे ६०० रुपये. एकूण १ लाख ३० हजार ६००. नऊ रात्रींत फिटले. महिन्यात एकदा पकडला गेला तरी धंदा नफ्यात.

यात आणखी एक मेख आहे. दंड फक्त ट्रॉलीत सापडलेल्या वाळूवर लागतो. आदल्या वीस रात्रींत गेलेल्या ऐंशी ब्रासवर नाही. त्या वाळूचा पुरावा नदीत आहे, खड्ड्याच्या रूपात. पण खड्डा मोजायचा कुणी? टेप घेऊन पात्रात उतरलं, लांबी-रुंदी-खोली घेतली, तर किती ब्रास गेली हे दहावीच्या गणितातून निघतं. जवळच्या रस्त्यावर ट्रॉली पकडून परत फिरणं सोपं पडतं.

हे फक्त खालच्या पातळीवर चाललंय असंही नाही. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६, हा भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला देशाचा मुख्य पर्यावरण कायदा. त्याच्या कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून टाकली, आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती आली. कैद पूर्ण गेली नाही. ती आता कुणासाठी आहे? ज्याने ठरलेल्या मुदतीत शास्ती भरली नाही त्याच्यासाठी. नीट वाचा. नदीची, हवेची, जमिनीची नासाडी केली म्हणून तुरुंग नाही. पैसे थकवले म्हणून तुरुंग. तहसील कार्यालयातल्या दरपत्रकामागचा विचार आता संसदेने मंजूर केलेला विचार आहे.

समर्थक म्हणतील, कैदेची तरतूद असून तरी किती जण आत गेले? खटले वर्षानुवर्षं चालतात, दंड लवकर वसूल होतो. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. ज्या कायद्याने कुणी आत जात नाही त्याचा धाक उरत नाही, हे खरं. पण त्यावर उपाय खटले चालवणं हा आहे. शाळेत मास्तर येत नाहीत म्हणून शाळेलाच कुलूप लावून पालकांना फी परत करण्याचा नाही.

विकणाराच राखणदार

दंडावरच गाडी का अडते, याचं कारण माणसांच्या लोभात शोधण्याआधी कारभाराच्या रचनेत शोधा. वाळूचा लिलाव करतं महसूल खातं. स्वामित्वधन गोळा करतं महसूल खातं. वर्षाचं वसुलीचं उद्दिष्ट मिळतं महसूल खात्याला. आणि चोरी पकडतंही महसूल खातंच. ज्याच्या दृष्टीने वाळू हा विक्रीचा माल आहे, तो चोरीला काय म्हणणार? विक्री बुडाली म्हणणार. किराणा दुकानदाराला उंदरांनी खाल्लेल्या धान्याचं दुःख असतं, पण ते शेतकऱ्याच्या दुःखासारखं नसतं.

राज्याची वाळू धोरणं बघा. २०१९, २०२२, २०२३, २०२४, २०२५. सहा-सात वर्षांत पाच वेळा धोरण आलं किंवा बदललं. २०२३ मध्ये लिलाव बंद करून सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये डेपो बंद करून पुन्हा लिलाव आला. जुलै २०२५ मध्ये परवाना असलेल्या वाळूला चोवीस तास वाहतुकीची मुभा देण्याची घोषणा विधानसभेत झाली. उपसा संध्याकाळी सहालाच थांबायचा, पण ट्रक रात्री दोनला दिसला तरी आता त्यात वावगं काही नाही. रात्री फिरणारा वाळूचा ट्रक म्हणजे चोरीचा, ही गावातल्या साध्या माणसाची एकमेव कसोटी होती. तीही गेली. या पाचही वेळी वाद झाला तो भावावर, लिलावावर, डेपोवर, महसुलावर. आपल्या नद्यांतून एकूण किती वाळू काढली तर त्या जगतील, हा आकडा एकाही चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता.

आणि कायद्याने सरकार मालक आहे तरी का? १९९६ मध्ये हिमाचलमध्ये एका मोटेलला वाचवण्यासाठी बियास नदीचा प्रवाह वळवण्यात आला. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं ही सरकारकडे लोकांची ठेव म्हणून असतात. सरकार विश्वस्त आहे. मंदिराच्या विश्वस्ताने देवाचे दागिने चोरीला गेल्यावर 'आमचं कमिशन बुडालं' अशी तक्रार लिहून दिली, तर औंढ्याची जत्रा त्याला गावात राहू देईल का? वाळूच्या पंचनाम्यात आपण रोज तेच वाचतो आणि पान उलटतो.

खालच्या कर्मचाऱ्याची बाजूही सांगायला हवी. तलाठ्याकडे तीन-चार गावं, पीकपाहणी, अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुकीची कामं, आणि रात्री वाळूचं पथक. हाती मोटारसायकल, समोर ट्रॅक्टर. तहसील कार्यालयासमोरच्या टपरीवर बसून साहेबांची गाडी कुठे निघाली याचं 'लोकेशन' व्हॉट्सअॅपवर टाकणारी पोरं असतात, हे राज्यभर सगळ्यांना माहीत आहे. पथक पोचेपर्यंत पात्र रिकामं. अधिकारी खरंच आडवा उभा राहिला तर? २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. माल वेगळा होता, मस्ती हीच होती. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तुमच्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलेला तो व्हिडिओ आठवा. सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डू गावात मुरूम उपशावर कारवाईला गेलेल्या पोलीस अधिकारी अंजना कृष्णा, आणि फोनवर कारवाई थांबवायला सांगणारे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार. आपला हेतू कारवाईत ढवळाढवळ करण्याचा नव्हता, परिस्थिती शांत ठेवण्याचा होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. तो खरा धरला तरी प्रश्न उरतोच. गावातल्या कार्यकर्त्याच्या एका फोनवर मंत्रालय हजर होतं. पात्रात उभ्या असलेल्या अधिकाऱ्यासाठी तेवढ्या वेगाने कोण हजर होतं?

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक

चोरीचा माल घेणाराही गुन्हेगार असतो, हे आपण भंगारवाल्याला ऐकवतो. वाळूच्या बाबतीत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? रस्ते, पूल, शाळाखोल्या, ग्रामपंचायतीची कार्यालयं, सिमेंटच्या नाल्या, सभामंडपं. म्हणजे सरकारच.

सरकारी कामावरच्या ठेकेदाराने वाळू-खडी कुठून आणली याचे वाहतूक परवाने बिलासोबत जोडायचे असतात. नाही जोडले तर? बिलातून स्वामित्वधनाची रक्कम कापून घेतात. झालं. ब्रासला ६०० रुपयांच्या हिशेबाने पैसे कापले गेले आणि महसूल 'बुडाला' नाही. वाळू कुठल्या पात्रातून आली, त्या पात्रात उपशाला परवानगी होती का, हा प्रश्न त्या कपातीच्या ओळीखाली गाडला गेला. रात्री कयाधूतून चोरलेली वाळू सकाळी सरकारी बांधकामात पडते आणि महिन्याअखेर हिशेबात स्वच्छ होऊन बाहेर येते. ट्रॅक्टरचालकाला पोलीस कोठडी आणि वाळू वापरणाऱ्याला कार्यपूर्ती प्रमाणपत्र.

पकडला जाणारा चालक बहुतेक वेळा कोण असतो? बारावी होऊन पोलीस भरतीची दोन-तीन वर्षं गेलेला, रोजंदारीवर रात्र काढणारा तुमच्या-माझ्या वर्गातला मुलगा. गुन्हा त्याच्या नावावर चढतो आणि चारित्र्य पडताळणीत त्याची उरलेली भरतीही जाते. ट्रॅक्टरचा मालक दंड भरून वाहन सोडवून नेतो. ठेकेदाराचं तर नावही येत नाही. ज्या साखळीत सर्वात खालच्या कडीलाच शिक्षा होते, ती साखळी तोडायची कुणाला इच्छा नाही, असाच अर्थ निघतो.

"मग गरिबाने घर कशाने बांधायचं?"

वाळूवर कुणी बोललं की हा प्रश्न पहिला येतो, आणि तो खरा आहे. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास मोफत वाळू देण्याचा निर्णय आहे, २०२५ च्या धोरणात घाटातली दहा टक्के वाळू घरकुलांसाठी राखीव आहे. अनुदानाच्या तुटपुंज्या हप्त्यात घर उभं करणाऱ्या बाईला पात्रातून पाच ब्रास वाळू मिळालीच पाहिजे. तिला कुणी गुन्हेगार म्हणत नाही.

पण गरिबाचं नाव पुढे करून कुणाची गाडी भरते, हेही बघा. चोरटा उपसा वाढला म्हणून गरिबाला वाळू स्वस्त मिळाली, असं एखादं गाव दाखवा. चोरीच्या वाळूत पकडले जाण्याची जोखीम, वाटेतले हप्ते, दंडाची तरतूद, सगळं भावात चढवलेलं असतं. म्हणजे दंड शेवटी भरतो कोण? घर बांधणारी ती बाईच. आणि आटलेल्या विहिरीवर रांगेत उभीही तीच राहते.

सरकारने आता कृत्रिम वाळूला उत्तेजन दिलंय, स्वामित्वधन ब्रासला ६०० ऐवजी २०० केलंय. दगड फोडून वाळू करायची. नदीवरचा भार हलका होईल हे चांगलं. पण दगड टेकड्यांतून येतो, आणि टेकडीचाही पंचनामा ब्रासमध्येच होणार असेल तर आपण फक्त खड्ड्याची जागा बदलली. जगभर दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अंदाज आहे. एवढी भूक एका जिल्ह्यात भागणार नाही. म्हणून आधी सरकारी कामातली भूक मोजून कमी करावी लागेल. त्याची सुरुवात गरिबाच्या घरापासून नव्हे, सभामंडपांपासून व्हावी.

काय मागायचं

'कडक कारवाई करा' ही मागणी सोडून द्या. कडक म्हणजे काय ते न सांगता ती पन्नास निवेदनांत लिहिली गेली आहे. त्याऐवजी चार साध्या गोष्टी मागा.

पहिली, पंचनाम्यात नदीचा रकाना. वाळू पकडली की चोवीस तासांत त्या पात्रातला खड्डा मोजायचा, जवळच्या दोन विहिरींची पाणीपातळी लिहायची, आणि दंड ट्रॉलीतल्या एका ब्रासवर न लावता खड्ड्यातल्या सगळ्या ब्रासवर लावायचा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे माणसं आणि माहिती दोन्ही आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची दहा मीटर बारकाव्याची चित्रं दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. पात्राचा चेहरा कधी बदलला ते त्यात दिसतं.

दुसरी, हानीची भरपाई. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२१ च्या आदेशात सांगितलंय की अवैध उपशाची भरपाई ठरवताना खनिजाच्या किमतीसोबत पर्यावरणाच्या हानीची आणि ती भरून काढण्याची किंमतही धरली पाहिजे. ती वसूल करा आणि त्याच नदीवर खर्च करा.

तिसरी, बिलातली कपात बंद. वाहतूक परवाना नसेल तर त्या वाळूचं बिलच द्यायचं नाही, आणि माल कुठला याची चौकशी ठेकेदारापासून सुरू करायची.

चौथी, विकणारा आणि राखणारा वेगळा. वाळूची चोरी पकडणाऱ्या यंत्रणेला महसुलाचं उद्दिष्ट नको. तिच्या कामाचं माप किती लाख वसूल झाले हे नसावं, किती किलोमीटर पात्र शाबूत राहिलं हे असावं.

आणि तुम्ही? रात्री ट्रॅक्टरमागे मोटारसायकल लावून व्हिडिओ काढायला जाऊ नका. जीव नदीइतकाच मोलाचा आहे. दिवसाउजेडी जा, चार-पाच जण मिळून जा. खड्ड्याचे फोटो काढा, शेजारी माणूस उभा करा म्हणजे खोली कळेल, तारीख आणि ठिकाण चालू ठेवा. उन्हाळ्यात काठावरच्या विहिरीत दोर सोडून दर महिन्याला पाणी किती हातांवर आहे ते लिहा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तहसीलला टाका: गेल्या तीन वर्षांत वाळूचे किती गुन्हे, त्यांपैकी किती पंचनाम्यांत खड्डा मोजला, किती प्रकरणांत न्यायालयात शिक्षा झाली, किती दंड लावला आणि किती वसूल झाला. उत्तर आलं तरी उपयोगाचं, 'माहिती निरंक' आलं तरी उपयोगाचं. मग पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणात जा. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी एक हजार रुपये. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. वाद उपस्थित झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, नुकसानभरपाई आणि नदी पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रकरणात मान्य केलंय. आज गावातला फोन साहेबांचं लोकेशन पाठवायला वापरला जातो. तोच फोन खड्ड्याचं लोकेशनही पाठवू शकतो.

यातून उद्या उपसा थांबेल, असं कुणी सांगत असेल तर तो निवडणुकीला उभा आहे असं समजा. पण पंचनाम्यात नदीची एक ओळ आली की सगळा हिशेब बदलतो. मग ट्रॅक्टर सोडवायला आलेल्या मालकासमोर एक लाखाच्या पावतीऐवजी ऐंशी ब्रासचा खड्डा आणि आटलेल्या विहिरी असतात, ठेकेदाराच्या बिलासमोर कपातीऐवजी प्रश्न असतो. नऊ रात्रींत तो फिटत नाही. आणि बातमी लिहिणाऱ्या वार्ताहरालाही मग महसुलाच्या आधी कयाधूचं नाव लिहावं लागतं.